चांदणीचा कानपिळ्या

आधीच सांगते, मी या ग्रुपवर फक्त वाचायला असते. वाचायला आणि हसायला. कोणाला वडाखाली बाई दिसते, कोणाच्या छातीवर झोपेत कोणी बसतं... माझी छान करमणूक होते. महापेला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते मी. "आपोआप झालं" असं कोणी म्हटलं, की त्याला कारण शोधायला बसवणं हेच माझं काम. या गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर जरूर सांगा, पण सगळं वाचून मग सांगा.

माझी मोठी बहीण सुगंधाताई उरणच्या बाजूला एका गावात दिलेली. गावाचं नाव देत नाही, अर्धं गाव आमच्या नात्यात आहे. घरासमोर ओटी, पुढे अंगण, अंगणापलीकडे कंटेनर यार्डची भिंत. घराला खेटूनच पत्र्याचा तबेला. अंगणात उभं राहिलं की घराचं दार आणि तबेल्याचं दार शेजारी-शेजारी दिसतात. तबेल्यात पांढरी घोडी, चांदणी. भावोजी तिला लग्नाच्या वरातींना न्यायचे.

भावोजी म्हणजे चार लोकांत बसले की सगळ्यांना हसवणारे. फक्त त्या हसण्यासाठी त्यांना कोणीतरी रडणारं लागायचं. बहुतेक वेळा ती ताई असायची. चहात साखर कमी पडली, पिळ कान. भाजी खारट, पिळ कान. पाहुण्यांच्या देखत, हसत हसत, ती टाचा उचलेपर्यंत. वर म्हणायचे, लाडानं पिळतो. पाहुणेही हसायचे. मी एकदा त्यांना बोलले तर ताईनेच माझा हात दाबला. कानाची पाळी कायम दुखरी, म्हणून तिने कानात काही घालणंसुद्धा सोडलं होतं.

लॉकडाऊनमध्ये वराती बंद झाल्या. भावोजी यार्डात कामाला जायला लागले आणि चांदणीला तबेल्यात कोंडून त्यांनी दाराला बाहेरून लाकडी अडणा लावला. मी तिला रोज फिरवते, असं ताई म्हणाली होती. बाईमाणसाने घोडी धरून गावातून फिरायचं का, म्हणून ते तिच्यावरच उखडले. त्या तापलेल्या पत्र्याखाली चांदणीने उन्हाळा काढला, पावसाळा काढला, पुन्हा उन्हाळा, पुन्हा पावसाळा काढला. ताई आत जाऊन चारापाणी आणि खरारा करायची, तेवढाच तिला माणसाचा हात.

मग निर्बंध उठले आणि गेल्या फेब्रुवारीत भावोजींच्या पुतण्याचं लग्न निघालं. काकाची घोडी असताना नवरदेव गाडीतून कसा जाईल? ताई आठवडाभर सांगत होती, की रोज दार उघडं ठेवा, हरभऱ्याची पाटी बाहेर ठेवा, घोडी आपल्या पायाने येईल. ऐकेल तो नवरा कसला. त्यांनी अडणा काढला तो थेट वरातीच्या दिवशी, दुपारी.

मी सकाळीच नेरूळहून आले होते, त्यामुळे पुढचं ऐकीव नाही.

चांदणी उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. अंग थरथरत होतं. पुढचा उजवा पाय जमिनीवर घासायला लागली... खर्र, खर्र. बाहेर भिण्यासारखं काही नव्हतं हो, नुसतं ऊन होतं.

आधी पट्ट्याने मारून झालं. मग डोळे बांधून झाले. मग ताईचे दोन्ही दीर बोलावले आणि तिला उलटी फिरवून ढकलत काढायचं ठरलं. पाठीला मोकळी हवा लागली मात्र, तिने आत अशी उडी घेतली की पत्र्याने मांडी फाटली. ताई मध्ये पडली तर भावोजींनी तिला कोपराने बाजूला सारलं. मग काठीला दोरीचा फास करून चांदणीचा वरचा ओठ आवळला. रक्त आलं. तरी खर्र, खर्र. बघायला पोरंसोरं जमली होती, कोणी शूटिंग करत होतं. मला त्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवाविशी वाटत होती.

शेवटी भावोजींनी चांदणीचा डावा कान मुळाशी धरला आणि पिळला. ओली चादर पिळतात ना, तसा. घोडी तसा आवाज काढते हे मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. तो कानपिळ्या. मग नवरदेवाने त्याला मान द्यायचा असतो... कपडे, अंगठी, जे असेल ते. मान न देता सुटका नाही. तर जमलेल्या लोकांना हसवायला भावोजी चांदणीच्या त्याच कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "कान पिळलाय तुजा. मी तुजा कानपिळ्या हाय. आता मना मान दे."

लोक हसले. चांदणी एकदम शांत झाली. पाय घासायचा थांबला, थरथर थांबली. तिने मान वळवून भावोजींकडे बघितलं आणि रोजचंच असल्यासारखी उंबरा ओलांडून बाहेर आली. संध्याकाळी फटाके, डीजे, सगळं झालं, ती एकदाही बुजली नाही.

मी रात्री तिथेच राहिले. सकाळी भावोजी चहा पिऊन यार्डात निघाले आणि दारात थांबले. मला वाटलं काहीतरी विसरले. मग त्यांचा उजवा पाय लादीवर घासायला लागला. खर्र, खर्र. आधी ते स्वतःच हसले. पाय उचलून बाहेर टाकायला गेले, तर घामाने शर्ट भिजला आणि ते मागे मागे जात भिंतीला टेकले. डावा कान मुळाशी काळानिळा पडला होता. रात्री जेवताना तो ठीक होता, मी समोरच बसले होते.

दीर आले. तेच दोघे. आधी चेष्टा, मग ओढाओढ. मग एकाला सुचलं डोळे बांधू, दुसऱ्याला सुचलं उलटं चालवू. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण क्रम तोच होता. भावोजींनी चौकट अशी धरली की सोडवताना नखं उचकटली. धाकट्या दिराचा हात चावले. शेवटी उभ्या उभ्या लेंगा भिजला आणि अंगणातलं कोणीतरी फिसकन हसलं. ताई तबेल्याजवळ चांदणीच्या ओठाला हळद लावत होती. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही.

डॉक्टर घरी आणले. ते म्हणाले, पॅनिक अटॅक. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की घरातल्या माणसाने रोज थोडा वेळ यांना घेऊन दारात बसायचं, जबरदस्ती नको, धीराने घ्या, सुटेल यातून. आता तुम्ही लिहाल गिल्ट असेल. गिल्ट? भावोजींना ओळखत नाही तुम्ही. आणि काळानिळा कान कसल्या गिल्टने होतो?

दिवाळीत गेले होते. चांदणी अंगणात मोकळीच फिरत होती. ओटीवर चढून ती घराच्या दारातून आत डोकं घालायची, की आतल्या खोलीत भावोजी कोपऱ्यात सरकायचे. दाढी वाढलेली, डोळे खोल. मला म्हणाले, "तुज्या बहिनीला सांग ना, माज्याजवल बस म्हनून." पहिल्यांदाच त्यांना काही मागताना ऐकलं.

ताई ओटीवर हरभरे निवडत होती. अंग भरलं होतं आणि कानात झुमके होते. मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं तू त्यांना घेऊन बसतेस ना?

"बसेन ना," ती म्हणाली. "घाई कसली हाय? चांदनी किती दिस आत होती, तुला ठाव हाय ना? यांचे तेवढे आजून नाय झाले."

आतून आवाज येत होता, खर्र, खर्र. ताईने पाटी चांदणीपुढे ठेवली, उठली, घराचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून अडणा लावला. तबेल्याचाच अडणा होता तो. माणूस तसाही बाहेर येणार नव्हता. आणि खरं सांगू, मला बरं वाटलं.

भावोजींना काय झालं याला माझ्याकडे आजही कारण नाही. ताईने अडणा का लावला, ते मात्र मला कोणी समजावून सांगायला नको.