ओळख पटल्याशिवाय चहा नाही

सकाळी साडेसातला कुकरची दुसरी शिटी आणि दारावरची थाप एकदमच झाली. दारात वरच्या मजल्यावरच्या सिस्टरच्या सासूबाई, हातात रिकामा कप.

"चहा टाक गं बाई. आमच्याकडे मी नापास झाले."

"कशात काकू?"

"जन्मतारखेत! सून कप पुढे करते नि म्हणते, पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा. मला काय ठाऊक? म्हैस व्यायली त्याच्या दुसऱ्या दिवशी, एवढंच आई सांगायची. तर म्हणते, तारीख नाही तर चहा नाही."

"आणि तुमचा मुलगा?"

"लग्नाच्या वेळी त्याने दोन वर्षं लपवली होती. आज चहापायी उघडी पडली!"

मला हसू आवरेना. पण कारण ठाऊक होतं, म्हणून ते पुरतं फुटेनाही.

सिस्टर एकोणीस वर्षं रुग्णालयात आहे. तिचा हात इतका हलका की इंजेक्शन झाल्यावर पोरं विचारतात, "कधी टोचणार?" इमारतीतलं निम्मं बीपी तीच तपासते. चार जिने चढून आलेल्याचं बीपी वाढलेलंच असणार, म्हणून आधी दहा मिनिटं पायरीवर गप्प बसवते. गप्प बसणं कुणाला जमत नाही, ती गोष्ट वेगळी.

परवा वॉर्डातल्या दोन आजोबांनी खिडकीच्या हवेसाठी गुपचूप खाटा बदलल्या. सिस्टरने घाईत नाव न विचारता, खाटेचा नंबर बघून गोळी दिली. बीपीची गोळी भलत्याच आजोबांना गेली. त्यांना चक्कर आली, पडले, कपाळाला चार टाके. आता ते ठणठणीत आहेत, खिडकीशी बसून दोन वेळा जेवतात. जेवण सुटलंय ते सिस्टरचं.

चहाची किटली घेऊन मी काकूंबरोबर वर गेले. टेबलावर राजीनाम्याचा अर्धवट लिहिलेला कागद. दुपारी दोनला ड्यूटी. नवरा समोर बसून, पुन्हा पुन्हा तेच: "अगं, होतं असं. जाऊ दे."

"त्या म्हाताऱ्यांनाच झापायला हवं," काकू म्हणाल्या.

मीही माझी अक्कल पाजळली. "आधी दोन घास खाऊन घे बघू."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "मेट्रन म्हणाल्या जाऊ दे. डॉक्टर म्हणाले जाऊ दे. टाके पडलेले आजोबासुद्धा म्हणाले, जाऊ दे पोरी. नाही ना जात माझ्या डोक्यातून!"

"अगं, पण जाऊ..." नवऱ्याने पुन्हा सुरुवात केली. काकूंनी त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं, नाव-तारीख काही न विचारता. परवापासून सिस्टर पहिल्यांदाच हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले.

"ड्यूटीला जायचं की हा कागद द्यायचा, ते मी नंतर ठरवीन. त्या दिवशी काय झालं, ते मला पहिल्यापासून सांगायचंय. मध्ये कुणी बोलू नका."