चूलबंद बोलावणं

वैशाख शुद्ध दशमी, शनिवार. अक्षतमामांचा तेरावा. जागा, वडवार नदीच्या काठचं त्यांचं घर. हजर: सोमवारचे वकील, वकिलीणबाई आणि त्यांच्या घरचे चौघे, बुधवारचे तारमास्तर, सहकुटुंब, गुरुवारचे पंतोजी आणि त्यांची म्हातारी आई, शुक्रवार, शनिवार, रविवार या तिन्ही घरांतली लहानथोर मंडळी, मंगळवारचे आम्ही पाच. एकूण एकतीस. गैरहजर कोणी नाही.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. तिला आता नऊ वर्षं झाली. घरांना वारांची नावं कशी पडली ते आधी सांगते.

मामा वार लावून जेवत. खरी ही रीत शिकायला आलेल्या गरीब मुलांची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात दिवसांची सात घरं. मामांची साठी उलटून गेली तरी ते तसेच जेवत. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली होती, मूलबाळ नव्हतं. देवळामागे एक खोली होती, तीत वळकटी, छत्री आणि पाण्याचा कूजा. चूल नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा अत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरातली कामं मोजून दाखवली त्यात हेही होतं: "मंगळवारी एक पान जास्त घालायचं. मामा येतात."

त्या पानाच्या बदल्यात ते तंजावरातल्या मराठी घरांची बोलावणी करत. लग्न, मुंज, बारसं, काहीही असो, हातात पितळेची डबी घेऊन मामा दारात उभे राहत. डबीला दोन खण, एकात कुंकू, एकात अक्षता, त्यावरून नाव अक्षतमामा. मेलवीधीपासून किल्ल्याच्या पार टोकापर्यंत कोणाचं कोणाशी नातं काय, कोणाला आधी सांगायचं, कोणाचं बिनसलं आहे, सगळं तोंडपाठ. मी एकदा म्हटलं, "मामा, एक यादी करून देते." तर म्हणाले, "कागदावर येतं ते कळवणं. दारात येऊन सांगतात ते बोलावणं. तुझी यादी तुझ्याकडेच राहू दे, सूनबाई."

बोलावण्याचे प्रकार तीन. एकट्याला, जोडप्याला आणि चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, दाराला कडी लावून निघायचं. मामा ते सांगत तेव्हा आवाज चढवून सांगत, पलीकडच्या घरापर्यंत ऐकू जाई. त्यांना स्वतःला मात्र असं बोलावणं कधीच आलं नाही. मी विचारलं तर हसले. "मला कसं येणार गो? माझी चूल रोजच बंद."

जेवताना मात्र ते ऐकून घेत. वकिलीणबाईंचा आवाज मोठा. एका सोमवारी मी निरोप द्यायला तिकडे गेले होते, तेव्हा त्या भाताचं पातेलं हातात धरून उभ्या होत्या. "मामा, माझ्या नणंदेला नुसतं जोडप्याने बोलावलंत आणि तिच्या जावेला चूलबंद! आता रसम वाढू की नको, सांगा."

"वाढा, वाढा. ओरडत वाढलेलं जास्त गरम असतं."

पुरे झालं की पानावर हात आडवा धरून ते "पोदुम" म्हणत. आम्हीही तेच म्हणतो. आमच्या तंजावरी मराठीतला 'पुरे' हा शब्द फक्त पुण्याकडचे पाहुणे आले की बाहेर निघतो.

एका लग्नात मद्रासकडचं वऱ्हाड होतं. वरपक्षातल्या रेल्वेच्या एका अधिकाऱ्याने मामांना दक्षिणेऐवजी एक तिकीट दिलं. विलायतेतल्या घोड्यांच्या शर्यतीवर कलकत्त्याला मोठी सोडत निघे, तिचं. तिकिटाबरोबर एक कागद भरून पाठवायचा होता. इंग्रजी लिहिणारी मी, म्हणून मंगळवारी जेवण झाल्यावर मामा तो कागद घेऊन बसले. नाव लिहिलं. पत्ता आमच्या घरचा दिला, कारण त्यांच्या खोलीवर टपाल जात नसे. मग एक टोपणनाव द्यायचं होतं. बक्षीस लागलं तर पेपरात खरं नाव येत नाही, ते टोपणनाव येतं, म्हणजे मागणारे दारात येत नाहीत, असं त्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं.

"राम लिही," मामा म्हणाले.

"मामा, राम शंभर जण लिहितील. वेगळं सांगा. मराठी शब्द सांगा, म्हणजे इथे कोणाला कळायचं नाही."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग तेच लिही."

मी इंग्रजी अक्षरांत मंगळवार लिहिलं. मला ते फार हुशारीचं वाटलं. गाव तमिळ, पेपर इंग्रजी, शब्द मराठी. ज्यांच्यापासून लपवायची वेळ येणार होती ती घरंच मराठी होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ज्येष्ठात पत्र आलं. पहिलं बक्षीस मामांना होतं. आकडा इथे लिहीत नाही. तो विचारण्यात गावाने पुष्कळ वेळ घालवला आहे. मंगळवारी ते पानावर बसले तेव्हा मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ताकभात संपवला, एक शीतही ठेवलं नाही. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "सूनबाई, आता मी जेवायचं कुठे?"

मला आधी समजलंच नाही. इतक्या पैशात ते गावजेवणं घालू शकले असते. तसं मी म्हणालेही.

"घालण्याचं नाही विचारत. कोण वाढेल मला? वकिलीणबाई माझ्यावर ओरडते. श्रीमंतावर कोणी ओरडतं काय? सांगू नको गो कोणाला. मी आहे तसा जेवीन."

मी शब्द दिला. अत्याबाईंनीही दिला. पुढचे तीन मंगळवार मामा छत्री घेऊन आले, जेवले, डबी घेऊन उन्हात बोलावणी करायला गेले. पैसा मद्रासच्या बँकेत होता आणि खोलीत अजून चूल नव्हती. त्या तीन आठवड्यांएवढं आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जाताना ते माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक करत.

चौथ्या आठवड्यात पंतोजींनी ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचला. "पहिलं बक्षीस, मंगळवार, तंजावर." ओट्यावर वकील होते, तारमास्तर होते. त्याच दुपारी वकिलीणबाई आमच्याकडे आल्या. पाणीही न घेता म्हणाल्या, "तुमच्याकडे मंगळवारी कोण जेवतं गो?"

मी म्हणाले, "पाहते." कोण जेवतं हे यादी न पाहता सांगणारी मी, मीच पाहते म्हटल्यावर त्यांना आणखी काय हवं होतं?

त्यानंतर कोणी मामांना हाकलून दिलं नाही. तसं झालं असतं तर सोपं होतं. गुरुवारी पंतोजींनी चांदीचं ताट काढलं आणि सगळं घर हात बांधून उभं राहिलं. शुक्रवारी मुलीच्या लग्नाच्या खर्चाची गोष्ट निघाली. शनिवारी यजमान म्हणाले, "आम्हा गरिबांचं अन्न तुम्हाला कसं चालणार?" वकिलीणबाई ओरडेनाशा झाल्या, "मामा" म्हणत होत्या त्या "मामासाहेब" म्हणू लागल्या. बोलावणीही थांबली. एवढ्या मोठ्या माणसाला उन्हातून कसं पाठवायचं? लोक छापील पत्रिका टपालाने पाठवू लागले.

राहिलं आमचं घर. एके दिवशी देवळात तारमास्तरांची बायको मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "कागद हिने भरला, पत्र हिच्या घरी आलं. मंगळवारचं पान काय फुकट वाढते?" चार बायका हसल्या. मी घरी आले आणि वही उघडली. माझा स्वभाव असा की गोष्ट खुपली की यादी दुरुस्त करायची. तिरुवैयारूहून एक अंध गवई तंजावरात राहायला आले होते, त्यांना एक वार हवा होता. मी मामांच्या नावावर रेघ मारली आणि तिथे गवयांचं नाव लिहिलं. अत्याबाई म्हणाल्या, "दोन पानं घाल. लोकांचं काय एवढं?" तांदूळ होता, जागा होती. मी ऐकलं नाही.

मंगळवारी मामांचं जेवण होत आलं तेव्हा मी सांगितलं. "मामा, थोडे दिवस मंगळवार राहू दे. लोक बोलतात."

वाढायला कोणी पुढे आलं नव्हतं, तरी त्यांनी पानावर हात आडवा धरला. "पोदुम," म्हणाले. मग, "बरोबर आहे गो. यादी स्वच्छ असावी." पान दुमडून ते स्वतः उचलायला लागले. आमच्याकडे जेवणाऱ्याने पान उचलायची रीत नाही. मी घ्यायला गेले तर त्यांनी दिलं नाही.

मग त्यांनी वडवाराच्या काठी घर घेतलं, चूल घातली, कुंभकोणचा एक स्वयंपाकी ठेवला. तो मला बाजारात भेटायचा. "अम्मा," तो एकदा तमिळमध्ये म्हणाला, "सोमवारी म्हणतात वकिलांसारखं रसम कर, मंगळवारी म्हणतात तुमच्यासारखी दह्यातली डांगर पच्चडी कर. करतो. दोन घास खातात आणि म्हणतात, तुझी चूक नाही."

कार्तिकात मामा आमच्या दारात आले. आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. म्हणाले, "वास्तुशांत राहिली आहे. सगळ्या घरांना चूलबंद बोलवायचं आहे. लिहून घे." मी वही आणली. त्यांनी सहा घरं सांगितली, सोमवार, बुधवार, असं क्रमाने. मग कडोसरीची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. "आपल्या घरचं बोलावणं आपण करू नये. तू कर. त्यांना म्हण, मामाने पैसे द्यायला नाही, ओरडून घ्यायला बोलावलं आहे."

"सहाच झाली, मामा. आमचं?"

"तुमच्या घरचं मी करीन. तेवढं एक माझ्याकडे राहू दे."

मी हो म्हणाले. मार्गळी लागली, तो महिना शुभकार्याला नको. मग भातकापणी, शेतावरची माणसं घरी जेवायला. फाल्गुनात थोरल्या मुलीचं बाळंतपण. ही सगळी कामं खरी होती, मी कारणं रचली नाहीत. पण हेही लिहायला हवं की वकिलांच्या दारात डबी घेऊन उभी राहिले तर तारमास्तरांची बायको काय म्हणेल, हे प्रत्येक वेळी माझ्या मनात येई. मामांनी दोनदा स्वयंपाक्याकडून विचारलं, "डबी आहे ना?" मी सांगून पाठवलं, "आहे. चैत्रात नक्की."

चैत्र संपता संपता ते गेले. तापाचे चार दिवस. पैशाचं काय करायचं ते त्यांचा एक पुतण्या आणि कोर्ट पाहत आहेत, त्यात मला बोलायचं काही नाही.

तेराव्याला कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. बोलावणाराच नव्हता. तरी सकाळपासून एकेक घर येत गेलं. भांडी आणायला म्हणून मी मध्येच मेलवीधीने घरी जाऊन आले, तेव्हा पाहिलं, वकिलांच्या दाराला कडी होती. पंतोजींच्या दाराला कडी होती. तारमास्तरांच्याही. परत आले तेव्हा मामांच्या चुलीसमोर वकिलीणबाई बसल्या होत्या आणि स्वयंपाक्यावर ओरडत होत्या की रसमला मिरी कमी पडली आहे. ओरडता ओरडता त्यांना रडू आलं.

आता वकील मद्रासला गेले. पंतोजी नाहीत. गवई अजून मंगळवारी येतात. त्यांच्या पानाशेजारी एक जागा मी रिकामी ठेवते, त्यांना ते दिसत नाही आणि बाकी कोणी विचारत नाही. वहीत कार्तिकाच्या पानावर सहा नावं आहेत. काम झालं की नावापुढे खूण करायची माझी सवय आहे. त्या सहांपुढे खूण नाही. डबी दर शुक्रवारी चिंचेने घासते. कुंकू अजून भरलेलं नाही.