घरमालकांची तोंडी परीक्षा

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमचे घरमालक परीक्षेला बसले होते. तोंडी परीक्षेला. शिकवणी माझ्याकडे होती, आणि मी त्यांचाच भाडेकरू.

या घटनेचं मोठेपण कळायला तुम्ही आमच्या कामतघर गावात त्यांच्याकडे खोली मागायला जायला हवं होतं. शेजारच्या वळ गावातली त्यांची शेती गोदामांखाली गेली तेव्हा शेठनी आमची चाळ बांधली आणि पुढ्यात स्वतःचं दुमजली घर. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. समोरच्याला उभंच ठेवायचे, पंच्याने मान पुसायचे आणि प्रत्येक प्रश्नाआधी बजावायचे, "खरं बोला. मंग खोली बघा." पाहुणे किती येतात? सुकटीचा वास चालंल काय? मला तर बायकोच्या देखत विचारलं, "मास्तर, घोरता काय? भिंत पातल हाय."

मी नाही म्हणालो. बायको खोकली. खोली मिळाली, पण कडेची.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी डब्लिनला शिकायला गेली. राहायची तात्पुरती सोय महिनाअखेर संपणार होती आणि पुढची खोली काही मिळेना. एकेक खोली बघायला फुटपाथवर ही लांब रांग. पोरगी रांगेत उभी राहायची, घर बघायची, हसून बोलून यायची. नंतर उत्तरच यायचं नाही.

शेठची झोप उडाली. संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत.

"मास्तर, तिकडं थंडी किती असंल?"

मी सांगायचो.

"कपडे हायेत तिच्याकडं," स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणायचे. मग जाता जाता, पाठमोरे, "बागेतल्या बाकड्यावर झोपू देतात काय तिकडं?"

शेठच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, बोंबील तळणं बंद केलं होतं. त्या घरातून वास यायचा थांबला, तेव्हा चाळ घाबरली. एकदा शेठ म्हणाले, "तिकडच्या कुना मालकाला विचारा ना मास्तर. माझ्या दोन खोल्या घ्या, तिला एक द्या."

महिना सरत आला आणि एका मालकीणबाईंना पोरगी पसंत पडली. अट एकच. आधीच्या घरमालकाशी त्यांना बोलायचं होतं.

पोरीचा फोन आला. "पप्पा, माझे आधीचे मालक तुम्हीच ना? मी बाईंना तसंच सांगितलंय. फक्त बाप आहे असं बोलू नका. बाप काय, चांगलंच सांगणार, असं वाटेल त्यांना."

"अगं, पन मी तुझं भाडं कवा घेतलं?"

"पप्पा!"

मग आमची शिकवणी सुरू झाली. मी मालकीणबाई झालो. शेठच्या खुर्चीत मी, समोर शेठ उभे. खोटं कशाला बोलू, मजा आली.

"पोरगी कशी आहे?"

"लाखात एक."

"शेठ, भाडेकरूबद्दल असं कोणी बोलतं का? माझ्याबद्दल बोलता तसं बोला."

"तसं बोललो तर तिला कोन खोली देईल?"

फोनची वेळ झाली. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवला. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या बाई आल्या. शेठनी नमस्कार केला आणि सगळी शिकवणी विसरले. त्यांच्यातला मालक जागा झाला.

स्वच्छता ठेवते का? "ठेवते. पन बाथरूमची लाइट चालूच ठेवते. सांगून सांगून दमलो."

आवाज करते का? "गाते. सूर न्हाय."

मी भाषांतर करत होतो आणि माझा सदरा पाठीला चिकटला होता. दाराआड काकू कपाळावर हात मारत होत्या. बाई मात्र मान डोलावत ऐकत होत्या. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. ही मुलगी पुन्हा आली तर तिला खोली द्याल का?

हे उत्तर तर मी इंग्रजीतच पाठ करून घेतलं होतं. "येस, विथ प्लेझर." सकाळपासून शेठ ते अंघोळ करतानासुद्धा म्हणत होते.

शेठनी पंचा तोंडाशी नेला, खाली घेतला. मी खालून त्यांचा पाय दाबला.

तुमच्या जिवाला घोर नको म्हणून आधीच सांगतो, पोरीला खोली मिळाली आणि ती अजून तिथेच राहते. शेठ त्यानंतर जे बोलले त्याचं भाषांतर मला जमलं नाही. बाईंनीही ते मागितलं नाही. चष्मा काढून त्या बराच वेळ पुसत बसल्या. कारण शेठ पडद्याला जवळजवळ नाक लावून ओरडले होते,

"परत काय देयाची, बाई? तिच्या गादीवर अजून मी कुनाला बसू बी दिलं न्हाय!"