दादाचा तोंडी डीजे

दादा डीजेवर कामाला लागायच्या आधीपासूनच तोंडानं डीजे वाजवायचा. ओठ घट्ट मिटून 'धुम्' काढायचा, दातांमागून झांजेसारखा बारीक 'त्स त्स', आणि घशातून असा घरघरता आवाज, की स्पीकर फाटतोय असं वाटावं. आमचं घर दोन खोल्यांचं. आई भाकरी थापता थापता ओरडायची, "तोंड हाय का कारखाना?"

माझ्या हळदीला ऐन नाचात लाइट गेली. माणसं हिरमुसून खुर्च्यांकडं वळली, तेवढ्यात दादा ओट्यावर चढला आणि सुरू झाला. लाइट येईपर्यंत त्यानं कुणाला बसू दिलं नाही. मीही हळदीच्या अंगानं नाचले. स्पीकर लावायला आलेल्या डीजेच्या मालकानं तिथंच विचारलं, "येतोस का माझ्याकडं?"

मग वराती, मिरवणुका. टेम्पोवर स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून दादा उभा. घरी आला की म्हणायचा, "कानात कुकरची शिट्टी वाजतीय, बंदच होईना." आम्ही हसायचो. पुढं तो टीव्हीचा आवाज वाढवायला लागला, मग हाका ऐकेनासा झाला. दवाखान्यात त्याच्यासोबत मी गेले होते. आतल्या नसा गेल्या आहेत, त्या परत येणार नाहीत, मशीन लावलं तर बोलणं थोडंफार कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

"आन् गाणं?" दादानं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

मालकानं दुसरा माणूस ठेवला. दादा आता युनिफॉर्मच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावतो.

गेल्या राखीला मी माढ्याहून माहेरी आले. माझी मुलगी मामाच्या मागं लागली, "मामा, डीजे कर की!" बऱ्याच दिवसांत त्यानं केला नव्हता, पण तयार झाला. 'धुम्' पूर्वीसारखाच, छातीत बसणारा. पण 'त्स' कुठंच नव्हता. त्याची जीभ हलत होती, आवाज येत नव्हता. मधल्या मोकळ्या जागा तशाच राहत होत्या.

"मामा अर्धंच वाजवतोय," मुलगी म्हणाली.

"काय म्हणती ती?"

"आवडलं म्हणती," मी म्हणाले.

"ओठ वाचता येतात मला. अर्धंच म्हणाली ती. काय राहतंय, सांग."

मी त्याचा तळहात माझ्या तोंडासमोर धरला आणि 'त्स त्स' केलं. हवा हाताला लागली तसा त्याचा चेहरा बदलला. मग स्वतःचा हात तोंडाशी धरून तो करत बसला. एकदा जमलं, पण ठेका चुकला. दुसऱ्यांदा ठेका सांभाळायला गेला, तर नुसतीच फुंकर निघाली. मुलगी कंटाळून आजीकडं गेली.

"हा आवाज मला आता कळतच न्हाय बघ," तो म्हणाला. "मी काढतोय असंच वाटत हुतं."

त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. कुणी त्याला डीजे कर म्हटलं नाही, आणि त्यानंही केला नाही.