सागवानाचा घेर

नातेपुत्याजवळच्या आमच्या रानात वडिलांनी सागवान लावलं होतं. दर दिवाळीला ते आपल्या छातीच्या उंचीवर प्रत्येक झाडाचा घेर मोजून वहीत लिहीत. गेल्या दिवाळीनंतर ते वारले. परवा झाडांत आणि मातीत किती कार्बन साठलाय, हे मोजायला एक बाई आल्या. त्यांनी ठरलेल्या, उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मोजलेला घेर वहीतल्या गेल्या दिवाळीच्या आकड्यापेक्षा कमी भरला.

"काका, तुमची झाडं वाळत चाललीत की काय?" त्या हसल्या.

बुंधा खाली जाड असतो, म्हणून मी टेप खाली सरकवला. वीतभर खाली वडिलांचा आकडा जुळला. पुढच्या झाडालाही तसंच. म्हणजे वडील पाठीत तेवढे वाकले होते. सोलापूरहून दर महिन्याला येऊनही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, ते आकडे खोडा. मी खोडले नाहीत. प्रत्येकापुढे वडिलांच्या छातीची उंची लिहिली.