बाईंनी आणलेला निरोप

आमच्या सातवीच्या वर्गात चोपन्न मुलं होती, आणि हजेरीच्या बाई ती चोपन्न नावं हजेरीपटाकडे न बघता, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट घेत. बाकीचे शिक्षक नंबर पुकारून दोन मिनिटांत मोकळे होत. बाईंना ते पटत नसे. "नंबर सामानाला असतात," त्या म्हणायच्या. एखादं मूल आलेलं नसलं तर त्या लगेच फुली मारत नसत. क्षणभर दाराकडे बघत, जणू ते पळत येतच असेल, आणि मग टाक उचलत. वर्गावर त्या मराठी आणि गणित शिकवायच्या, पण साऱ्या नाशिक रोडला त्या 'हजेरीच्या बाई' म्हणूनच ठाऊक होत्या.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे खरं बोलणं. "खरं उभं राहून सांगायचं, मान वर करून. मग शिक्षा नाही," हा त्यांचा कायदा. एकदा मी गृहपाठ केला नव्हता. वही घरी विसरले म्हणावं की आजारी होते म्हणावं, याचा हिशेब मनात चालू असतानाच बाई समोर आल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं, "बाई, मी अंगणात लगोरी खेळत बसले." त्यांनी मला खरंच काही केलं नाही. उलट मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातलं अर्धं थालीपीठ दिलं. तेव्हापासून मी त्यांची भक्त झाले. घरी आईने काही सांगितलं तरी मी म्हणायचे, "थांब, बाईंना विचारते." आई वैतागायची.

मूल तीन दिवस आलं नाही की बाई सायकल काढून त्याच्या घरी जात. जाताना त्याच्या शेजारी बसणाऱ्याकडून चिठ्ठी घेत. त्यात त्या दिवसाचा अभ्यास आणि वर दोन ओळी मनातल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या उलट निरोप सांगत. गोवर आलेल्यांना, पाय मोडलेल्यांना, सगळ्यांना ही टपालसेवा होती.

शैला दगडू सोनवणे माझ्या शेजारी बसायची. मी सोनार, ती सोनवणे. आडनावांच्या शेजारामुळे बाक एक झाला आणि मग डबाही एक झाला. स्कॉलरशिपच्या परीक्षेला महिना असताना तिला कावीळ झाली. तिचे आईवडील तिला मामाकडे, नामपूरला घेऊन गेले. तिच्या क्वार्टरला कुलूप लागलं. मी रोज चिठ्ठी लिहायचे आणि बाई म्हणायच्या, "तिच्या गावाकडचा एक माणूस येत-जात असतो, त्याच्याजवळ देते." चिठ्ठ्या घडी करून त्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायच्या. एका सोमवारी मी उत्तराचा फारच हट्ट धरला, तेव्हा म्हणाल्या, "शैला म्हणाली, आता बरं वाटतंय. भूमितीची वही नीट ठेव, आल्यावर उतरवून घेईन." मी त्या वहीला नवं कव्हर घातलं.

त्या शनिवारी रेशनच्या रांगेत मला शैलाची आई दिसली. हातात रॉकेलचा डबा होता. मी धावत गेले आणि एका दमात म्हटलं, "काकू, कधी आलात? शैला शाळेत कधी येणार? बाई म्हणाल्या, तिला आता बरं वाटतंय."

 काकूंनी डबा खाली ठेवून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुले कोनी सांगं नही का वं बेटा? मनी शैला गयी," त्या म्हणाल्या. सतरा दिवस झाले होते. शाळेत तर त्याच दिवशी फोन केला होता, असं त्यांच्या मागे उभी असलेली शेजारीण म्हणाली. मुलीला गमावलेल्या त्या माउलीला, तुमची मुलगी बरी आहे असं मी सांगितलं होतं. हे आजही आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सोमवारी बाईंनी हजेरी घेतली. "शैला दगडू सोनवणे," म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं. मी उभी राहिले, मान वर केली आणि सांगितलं, "बाई, ती गेली. तुम्हाला माहीत होतं."

 बाई एवढंच म्हणाल्या, "खाली बस." तासाभरात मुख्याध्यापकांनी सगळ्यांना मैदानावर रांगेत उभं केलं. परीक्षेआधी मुलांच्या मनावर परिणाम नको म्हणून कळवलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. मग दोन मिनिटं शांतता आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी. फाटकाबाहेर पडता पडता पोरं ओरडत सुटली. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात शाळेने दुसरं काही दिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई नंबरने हजेरी घेऊ लागल्या. एकतीस. तेहतीस. मधला नंबर शैलाचा. मी त्यांच्याशी वर्षअखेरपर्यंत लागेल तेवढंच बोलले.

पुढे मीही शिक्षिका झाले, नाशिकमध्येच. माझ्या सहावीतली एक मुलगी तापाने गेली, तेव्हा आमचे मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, चाचणी होऊन जाऊ द्या ना." मी पहिल्याच तासाला मुलांना सांगितलं. मुलं रडली, त्यांनी नको नको ते प्रश्न विचारले, तिच्या जागेवर कुणी बसायचं यावरून भांडलीसुद्धा. मी गणित शिकवलं नाही.

त्या संध्याकाळी मी बाईंकडे गेले. निवृत्त होऊन त्या जेल रोडला लेकाकडे राहत होत्या. चहा झाल्यावर मी त्या निरोपाचं विचारलंच. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"सांगू नका, हा हुकूम मुख्याध्यापक साहेबांचा होता. निरोप मात्र माझा. तो आणायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तू रोज चिठ्ठी देऊन माझ्या तोंडाकडे बघायचीस गं."

"आणि चिठ्ठ्या?"

"एक वाचली. पुढच्या मला वाचवेनात."

खरं सांगितलं की शिक्षा नाही, हा कायदा त्यांचाच. माफ करायचं ठरवूनच मी गेले होते. पण काकूंचा माझ्या डोक्यावरून फिरलेला हात आठवला आणि माझ्याच्याने झालं नाही. मी चपला घातल्या.

"ज्योती नारायण सोनार," मागून बाईंचा आवाज आला. वर्गातला, तसाच.

'हजर' माझ्या ओठांवर आलं होतं. मी जिना उतरत राहिले. वरच्या दारात बाई थोडा वेळ थांबल्या, वर्गात थांबायच्या तेवढाच, आणि मग त्यांनी दार लावून घेतलं.