‘आपण’ म्हणणारा देश

शर्टांच्या कारखान्यात ती काजं करायची, म्हणून सगळे तिला काजवालीच म्हणत. आईबाप लहानपणीच गेले आणि ती मावशीच्या पदरात पडली. छळ नव्हता हो, उगाच खोटं कशाला बोला! ताट होतं, अंथरूण होतं. फक्त त्या घरात ‘आपण’ हा शब्द तिच्या वाट्याला कधी आला नाही. ‘आम्ही लग्नाला चाललोय, तू घराकडे बघ.’ ‘आम्ही जेवलो, तू घे वाढून.’ आम्ही, आम्ही, आम्ही! कान किटले पोरीचे.

मग मशीन चालवता चालवता तिने मनात एक मुलगी रचली. तिला सावली नाही, म्हणून गावाने हाकललेली. बोलणारे डोंगर, उलट्या वाहणाऱ्या नद्या ओलांडत ती एकच देश शोधते, जिथे तिला कुणीतरी ‘आपण’ म्हणेल. काजवालीला लिहायला कुठे जमतंय! पण शेजारच्या मशीनवर मावशीची मुलगी बसायची, तिची ताई. डबा खाताना ती ताईला रोज पुढचं सांगायची आणि ताई डोळे पुसत ऐकायची. ‘अगं, याची कादंबरी होईल,’ ताई म्हणाली. ‘तू सांग, मी लिहून काढते.’ काजवाली नुसती हरखून गेली. या घरात आपलं माणूस आहे म्हणायचं, असं तिला वाटलं.

कादंबरी निघाली. वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पुस्तकावर नाव ताईचं, एकटीचं. काजवालीने पुस्तक उघडून आत पाहिलं, मागे पाहिलं, तिचं नाव कुठेच नव्हतं. आणि ताई माईकवर काय सांगत होती? ‘ही मुलगी मला स्वप्नात दिसली.’ स्वप्नात म्हणे! डबा खाताना दिसली, असं सांगायला जीभ झडली असती का?

लोक पांगल्यावर काजवालीने तिला जिन्यात गाठलं.

‘ताई, माझं नाव कुठाय?’

ताई गोरीमोरी झाली. मग तिच्या गळ्यात हात टाकून लाडाने म्हणाली, ‘वेडाबाई, आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं?’

आपल्यात! जन्मभर ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो आला तो असा, केसाने गळा कापायला. आणि खरं सांगू? तो कानावर पडताच क्षणभर तिला बरं वाटलं. तेच तिला सोसलं नाही.

‘आज सुचला होय तुला हा शब्द?’ ती म्हणाली. ताईचा हात झटकून ती रडत जिना उतरली.